काचेमागे फक्त चांगल्या बातम्या

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की बहुधा उसासे टाकतात. एके काळी आपला किती मान होता आणि आता कोणी ढुंकूनही पाहत नाही, असे त्या सांगतात. माझेही तसे थोडेफार आहे. पण मी एक जुना वर्तमानपत्रांचा फलक आहे, आणि मला उसाशांपेक्षा राग जास्त आला आहे. तो का आला, ते मी क्रमाने सांगतो.

माझा जन्म कुमुश-साय गावच्या खाणीतल्या कार्यशाळेत झाला. पाय जुन्या, टाकून दिलेल्या रुळांचे, पाठ लाकडी फळ्यांची आणि पुढे जाड काच. काचेला बिजागऱ्या होत्या आणि एक कुलूप होते. बाजाराच्या कोपऱ्यावर, रोट्यांच्या भट्टीसमोर मला रोवले. तोंड उत्तरेकडे केले, कारण दक्षिणेच्या उन्हात छापील कागद लवकर पिवळा पडतो. माझ्या डाव्या हाताने एक अरुंद वाट खाली उतरते आणि टेकडीच्या पायथ्याला लागून वळत जाते. ती तळगल्ली. टेकडी माझ्या समोरच आहे. ती मला रोज दिसते.

त्या काळी राजधानीहून एकच वर्तमानपत्र येत असे. ते माझ्या काचेमागे लागले की लोक आधी शेवटचे पान वाचत: हवामान, बुद्धिबळाचे कोडे, शोकसंदेश. पहिल्या पानावर गव्हाचे पीक नेहमी अपेक्षेपेक्षा जास्त आलेले असे, आणि ते वाचणारा माणूस रोटीच्या रांगेत उभा असे. भट्टीवाला म्हणायचा, "यातली तारीख तेवढी खरी." रांगेतला कोणीतरी हळूच म्हणायचा, "तीही घरी जाऊन पडताळून बघ."

मग आम्ही ज्याचा एक भाग होतो तो मोठा देश मोडला आणि आमचा लहान देश झाला. आता आपले कारभारी आपण निवडायचे, असे ठरले. त्याच सुमारास कालिपाने 'दरीकाठ' नावाचे साप्ताहिक काढले. कालिपा जुन्या सरकारी पत्रात मुद्रिते तपासत असे. कोणत्या ओळी कापल्या जातात, हे तिने अनेक वर्षे जवळून पाहिले होते. गाव तिला कालिपा एजे म्हणे, म्हणजे कालिपाताई. तिचा अंक दर गुरुवारी माझ्या काचेमागे लागायचा. तो लावण्याचे काम एशिम बायकेकडे, म्हणजे एशिमदादाकडे होते. खाणीतून निवृत्त झालेला हा माणूस तळगल्लीतल्या पहिल्याच घरात राहायचा आणि पिठाची खळ इतकी पातळ करायचा, की निम्मी माझ्या पायांवर ओघळायची.

'दरीकाठ'मध्ये तारखेशिवाय इतर गोष्टीही खऱ्या असत. शाळेला पुरवलेल्या कोळशात निम्मे दगड आहेत, असे कालिपाने एका हिवाळ्यात छापले. तिने तो कोळसा स्वतः चाळून पाहिला होता. पुरवठादार माझ्यासमोर येऊन खूप ओरडला. जमलेल्या लोकांनी त्याला ओरडू दिले. मग भट्टीवाला म्हणाला, "झालं? आता त्या दगडांवर चहा उकळून दाखव." पुढच्या आठवड्यात शाळेत खरा कोळसा आला. आणखी एक गोष्ट सांगतो. एकदा तिने नव्या पुलाचे माप चुकीचे छापले. पुढच्या अंकात, पहिल्या पानावर, सगळ्यांत वर तिने ती चूक दुरुस्त केली. लोक हसले, पण त्या दिवसापासून ते तिच्यावर अधिक भरवसा ठेवू लागले. जो तराजू आपला फरक स्वतः सांगतो, त्याच्यावर वजन करणे सुरक्षित असते.

ती माझी खरी वर्षे. लोक माझ्यासमोर भांडत, बोट ठेवून वाचत, माझ्या काचेवर ठसे उमटवत. निवडणूक आली की नगरसभेचे उमेदवार मला वळसा घालून जात आणि मतदार माझ्याकडे येत.

आता आमच्या गावाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. चांगली बातमी आणणारा माणूस बाहेरूनच 'सुयुंचू!' असे ओरडतो. ते ऐकताच घरातले सगळे धावत बाहेर येतात आणि आनंदाने त्याच्या हातावर काही ठेवतात: रुमाल, टोपी, सफरचंदे. वाईट बातमी मात्र कोणी ओरडत नाही. मरणाची बातमी असेल तर वडीलधारी माणसे मिळून जातात. आधी घोड्यांबद्दल बोलतात, पावसाबद्दल बोलतात आणि मग हळूच सांगतात. दुःख होणाऱ्या माणसाला सांभाळून घेणारी ही रीत आहे. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

एशिम बायकेचे सगळे लक्ष पहिल्या रीतीकडे असे. अंकात कोणाच्या मुलाला बढती मिळालेली दिसली, की खळीचा डबा तिथेच ठेवून तो त्या घराकडे पळायचा. त्याच्याकडे टोप्यांचा ढीग झाला होता. तरी तो कालिपाला विचारायचा, "एजे, या आठवड्यात कोणाच्या पोरीला पदवी नाही का मिळाली?"

"या आठवड्यात गटार तुंबलंय, बायके. त्याची टोपी मिळत असेल तर बघा."

मग रायिम्बेक आमचा अकीम, म्हणजे गावाचा प्रमुख झाला. तो हुशार होता. त्याने सुयुंचूचा धंदा मांडला. जे पत्रकार त्याच्या कारभाराच्या चांगल्या बातम्या देतील, त्यांना सणाला कोट मिळू लागले. तालुक्याच्या रेडिओवाल्यांना नवी गाडी मिळाली. कालिपालाही निरोप आला, की तिच्या फलकाची काच जुनी झाली आहे, अकीमची कचेरी नवी बसवून देईल. कालिपाने आभार मानून विचारले, की गटाराबद्दल लिहिले तरी काच मिळेल का. काच आली नाही. मित्रांनो, पाहा काय झाले. जी भेट आनंद झालेल्या घराने आपण होऊन द्यायची, ती आता राज्य करणारा माणूस द्यायला लागला, आणि आनंद कोणता ते तोच ठरवायला लागला. लाच म्हटले असते तर निदान कोणी लाजले असते. रीत म्हटल्यावर कोणी लाजले नाही.

त्या वर्षी शरदात रायिम्बेकने टेकडीच्या पायथ्याशी एक संरक्षक भिंत बांधली आणि वाजतगाजत तिचे उद्घाटन केले. हिवाळ्यात बर्फ फार पडले. वसंत लागायच्या आधीच ते वितळू लागले आणि टेकडीच्या पोटात पाणी मुरले. तळगल्लीतल्या बायका कालिपाकडे येऊन सांगू लागल्या, की घरांची दारे घट्ट बसताहेत, झऱ्याला गढूळ पाणी येत आहे. कालिपा भूमापकाला घेऊन वर गेली. तिथे गवतातून एक लांब भेग गेली होती. भूमापकाने भेगेच्या दोन्ही काठांना जोडणाऱ्या काचेच्या पट्ट्या बसवल्या. जमीन स्थिर असेल तर अशा पट्ट्या अखंड राहतात. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या तुटलेल्या होत्या. भूमापकाने कचेरीला कळवले. कचेरी गप्प राहिली. तेव्हा कालिपाने छापले: 'तळगल्लीवरची टेकडी सरकते आहे. नव्या भिंतीला तडे. घरे रिकामी करावीत.' आणि खाली तुटलेल्या पट्ट्यांचे छायाचित्र.

गुरुवारी सकाळी तो अंक माझ्या काचेमागे लागला. लोकांची गर्दी झाली. काही जण तर सामान बांधायला निघालेही होते.

रायिम्बेकने पोलीस पाठवले नाहीत. तो वडीलधाऱ्यांकडे गेला. नूरुझचा, म्हणजे वसंतातल्या नववर्षाचा सण तोंडावर आला होता, राजधानीचे पाहुणे येणार होते आणि सणानंतर नगरसभेची निवडणूक होती. यातले त्याने काही सांगितले नाही. तो एवढेच म्हणाला, की गल्लीत बाळंतिणी आहेत, म्हातारी माणसे आहेत, आणि ही बाई वाईट बातमी बाजारात ओरडते आहे. आपल्या रीतीने सांगू, सण झाल्यावर सांगू.

दुपारी वडीलधारी मंडळी माझ्यासमोर आली. पुढे जोलचू अक्साकाल, म्हणजे गावातला ज्येष्ठ जोलचू होता. त्याच्या पांढऱ्या दाढीला सगळे गाव मान देत असे.

"पोरी, वाईट बातमी अशी काचेत लावतात का? माणसाला काळीज असतं. सण होऊ दे. आम्ही जाऊ, बसू, नीट सांगू."

"अक्साकाल, मेल्याची बातमी उशिरा सांगितली तर मेलेला काही पुन्हा मरत नाही. ही माणसं अजून जिवंत आहेत."

"जिवंत आहेत म्हणूनच जपून सांगायचं."

"जपून म्हणजे सणानंतर?"

"सणानंतर."

त्याने दाढीवरून हात फिरवला आणि गर्दीने माना हलवल्या. कोळशाच्या वेळी तिच्या बाजूने उभे राहिलेले तेच लोक होते. त्यांच्या मनात खोट नव्हती. त्यांनी फक्त दोन वेगळ्या गोष्टींना एकच समजले. शोकवार्ता झालेल्या गोष्टीची असते आणि इशारा न झालेल्या गोष्टीचा असतो. शोकवार्ता थांबू शकते. इशाऱ्याला थांबवले, तर त्याचीच शोकवार्ता होते. रायिम्बेकला हा फरक माहीत होता. म्हणून तर मला त्याचा राग येतो. जोलचूचा तेवढा येत नाही.

संध्याकाळच्या आत कचेरीचा कारकून आला. त्याने माझी किल्ली घेतली, कालिपाचे पान सोलून काढले आणि एशिम बायकेच्या हातात दुसरे पान दिले: 'टेकडी सुरक्षित. नवी भिंत भक्कम. नूरुझची तयारी पूर्ण.' एशिमने ते लावले. त्याच्या घरात नुकतीच नात जन्माला आली होती आणि त्याला हेच पान खरे असायला हवे होते. तालुक्याच्या छापखान्याने कालिपाला कळवले, की यंत्र बिघडले आहे. तिच्याखेरीज इतर सगळ्यांची छपाई त्या यंत्रावर चालूच होती. कालिपाने हाताने पान लिहून माझ्या काचेवर बाहेरून चिकटवले. ते फाडले गेले. तिने दुसरे चिकटवले. तेही फाडले गेले, आणि अफवा पसरवल्याबद्दल तिला पोलिसांची नोटीस आली.

बाजाराच्या दिवशी मोल्दोकान आणि त्याची बायको रापिया आली. ती दोघे तळगल्लीच्या वळणापलीकडे, त्याच टेकडीखाली मेंढ्या राखून राहत. रापियाला नीट दिसत नसे, म्हणून दर बाजारी मोल्दोकान तिला मोठ्याने वाचून दाखवी. टेकडीबद्दल काहीतरी त्यांच्या कानावर आले होते आणि मुद्दाम त्यासाठी ती आधी माझ्याकडे आली.

"टेकडी सुरक्षित," मोल्दोकानने वाचले.

"नीट वाच. आपल्या बाजूचं काय लिहिलंय?"

"सगळ्या टेकडीचं लिहिलंय. आपली बाजू काय टेकडीच्या बाहेर आहे?"

"मग बरं झालं. मेंढ्या विणायला आल्यात, आत्ता कुठं हलणार होतो आपण."

त्यांनी रोट्या घेतल्या आणि ती घरी गेली. मित्रांनो, मी लाकूड, काच आणि लोखंड आहे. मला बोलता येत नाही. माझ्यावर जे लावले जाते तेच माझे बोलणे. त्या दिवशी माझ्या तोंडी जे घातले होते, ते मी त्यांना सांगितले.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी उरलेल्या बर्फावर पाऊस पडू लागला. कालिपा माझ्या कोपऱ्यावर आली. छापखाना गेला होता, फलक गेला होता, आणि तिने एक एक दार ठोठावले असते तर सणानंतर बघू, असेच उत्तर मिळाले असते. ती तळगल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, तिने डोक्यावरचा रुमाल काढून उंच धरला आणि सगळा जोर लावून ओरडली:

"सुयुंचू! सुयुंचू!"

सगळी गल्ली बाहेर आली. नूरुझची गव्हाच्या अंकुरांची खीर ढवळणाऱ्या बायका हातातले लांब दांडे घेऊनच आल्या. एशिमची सून बाळाला घेऊन आली. कोणी सफरचंदे आणली, कोणी रुमाल.

"कोणाचं काय झालं, एजे?"

"पोरगा की पोरगी?"

"तिचं स्वतःचंच जमलं असेल. या वयात कोण मिळाला गं?"

सगळे हसले. कालिपाही थोडी हसली. मग ती म्हणाली, "बातमी ही, की तुम्ही सगळे अजून जिवंत आहात. त्याची भेट मला द्या. पोरं उचला आणि वर शाळेत चला. आत्ता."

हसणे थांबले. एक बाई म्हणाली, की सणासुदीला असले बोलताना जीभ झडत कशी नाही. दुसरी म्हणाली, की सुयुंचू ओरडून फसवणारी बाई तिने जन्मात पाहिली नव्हती. एशिम बायके पुढे आला.

"एजे, भिंत भक्कम आहे. मीच लावलंय ना पान."

"तुम्ही लावलंत, बायके. भिंत बघितलीत का?"

त्याची सून बोलली. "बाबा, सकाळी आपलं दार उघडत नव्हतं. तुम्ही खांदा लावून उघडलंत."

एशिमने टेकडीकडे पाहिले. मग त्याने सुनेच्या हातातून बाळ घेतले आणि तो बाजाराकडच्या चढणीला लागला. बाकीचे पाहत राहिले आणि कुरकुरत मागोमाग निघाले. घरात बसलेल्या माणसाला उठवणे कठीण असते. हे लोक आधीच बाहेर आलेले होते. बायकांनी खिरीची कढई सोडली नाही. ती दांड्यांवर टांगून शाळेच्या पटांगणात नेली आणि कालिपाला शिव्या देत तिथेही ढवळत राहिल्या.

दुपारी टेकडी आली. आधी खोल गुरगुर ऐकू आली, मग माझी काच थरथरली आणि समोरचा उतार झाडांसकट खाली बसला. नवी भिंत सर्वांत आधी पडली. पुढे गल्लीच्या जागी ओल्या मातीचा एक उंच ढीग राहिला आणि त्यातून धुराड्यांची टोके दिसत राहिली. गल्लीतली सगळी माणसे शाळेत होती.

वळणापलीकडची नव्हती. कालिपाचा आवाज वळणापर्यंत पोहोचला होता. माणसाचा गळा तेवढाच पोहोचतो. कागद त्याच्या पुढे जातो. तो बाजाराच्या दिवशी वाचता येतो, घरी जाऊन सांगता येतो. कालिपाचे पान माझ्या काचेमागे राहिले असते, तर मोल्दोकानने ते रापियाला मोठ्याने वाचून दाखवले असते. त्या दोघांनी विचारले होते, मित्रांनो. ती बेसावध नव्हती. खरे काय ते जाणून घ्यायला ती चालत आली होती, आणि त्यांना खोटे देऊन परत पाठवले गेले.

सण सरला. कारकून नवे पान घेऊन आला: 'प्रशासनाच्या तत्परतेमुळे तळगल्ली वाचली.' खाली रायिम्बेकचे छायाचित्र होते आणि त्याच्या हातात एशिमची नात होती. एशिमने पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचले.

"यात मोल्दोकान कुठाय? रापिया कुठाय?"

"वाईट बातमी आहे, बायके. ती सावकाश देऊ. आपल्या रीतीने."

एशिमने कुंचला खळीच्या डब्यात ठेवला आणि हात पुसले. "मग तूच लाव," तो म्हणाला आणि निघून गेला. कारकुनाला खळ लावता येत नव्हती. पान वाकडे लागले आणि त्याचे कोपरे सुटून वळले.

लोक आले. वाचून तिथेच उभे राहिले. मग जोलचू अक्साकाल आला. तो बराच वेळ वाचत होता. मला वाटले, तो आता घोड्यांबद्दल बोलेल, पावसाबद्दल बोलेल. त्याने तसे काही केले नाही. तो लोकांकडे वळला.

"मोल्दोकान मेला. रापिया मेली. त्यांनी इथंच वाचलं होतं की टेकडी सुरक्षित आहे. आणि मी या पोरीला गप्प बस म्हटलं होतं."

त्या गावात वाईट बातमी इतकी सरळ कोणी कधी सांगितली नव्हती.

यानंतर सगळे ठीक झाले, असे मी सांगणार नाही. रायिम्बेक अजून अकीम आहे. निवडणूक झाली आणि दूरच्या वस्त्यांनी त्यालाच वाचवणारा समजून त्याच्या माणसांना मते दिली. त्या लोकांना तरी काय दोष द्यायचा? त्यांनी जे वाचले, त्यावरून निवडले. मतपेटी कितीही पारदर्शक करा, मत देणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी असेल तर तिचा उपयोग काय? 'दरीकाठ' बंद आहे. कालिपावर अफवा पसरवल्याचा खटला चालू आहे. तक्रारीत लिहिले आहे, की तिने सणाच्या आदल्या दिवशी खोटी आरोळी देऊन नागरिकांना घराबाहेर काढले. ती नसती आली तर हे नागरिक साक्षीलाही उरले नसते. पण आता ते साक्ष द्यायला जातात. प्रत्येक तारखेला तळगल्लीची माणसे न्यायालयाच्या बाकांवर जाऊन बसतात. एशिम आपली नात घेऊन बसतो. ती रडते, न्यायाधीश तिला बाहेर न्यायला सांगतात आणि एशिम म्हणतो, "राहू द्या साहेब, तीही साक्षीदार आहे."

मित्रांनो, माझी काच पुसा, माझ्या पायांना रंग द्या, असे मी म्हणणार नाही. लोखंडाला गंज चढणारच. ज्यांनी खरे शोधून लिहिले, त्यांना जपा. त्यांचे लिहिणे आवडले नाही, सणाच्या दिवशी आले, तोंडावर फेकल्यासारखे वाटले, तरी जपा. ते चुकले तर त्यांना चूक छापायला लावा, पण त्यांची किल्ली कोणाला घेऊ देऊ नका. आणि तुमच्या गावात आठवड्यामागून आठवडे फक्त चांगल्याच बातम्या दिसू लागल्या, तर त्या वाचत उभे राहू नका. मान वळवा आणि टेकडीकडे बघा.